थुंकी, मोडी आणि मानमोडी

मंडळी, गेले तीन शनिवार-रविवार इथे काहीच लिहिलं नाही. एक-दोघांनी 'आटला का झरा?' असं विचारलंही. झरा आटला नव्हता, मी कामशेतला होतो. आणि तिथे जे काय चाललं होतं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. त्यात लपवायचं काय आहे?" तेव्हा लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात एका डबीपासून झाली. माझा एक चुलत-चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. मागच्या ते मागच्या दिवाळीला तो आला तेव्हा चॉकलेटं आणि बदामांच्या जोडीला डीएनए चाचणीच्या तीन डब्या घेऊन आला. तिकडे या डब्या सणासुदीला अर्ध्या किमतीत मिळतात. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, पाठवून द्यायचं. दोन महिन्यांत निकाल. त्याची स्वतःची चाचणी आधीच झाली होती. आता त्याला घराण्याचा वंशवृक्ष करायचा होता. मी पण थुंकलो, आई पण थुंकली ("एवढ्यासाठी अमेरिकेला पाठवायचं?"). तिसरी नळी शिल्लक राहिली.

जानेवारीत निकाल आला. माझं मूळ म्हणे नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर 'दक्षिण आशियाई'. वा! पैसे वसूल. हे तर मला कामशेत स्टेशनावरच्या भेळवाल्यानेही सांगितलं असतं. पण निकालाचा दुसरा भाग असतो, नातेवाइकांची यादी. तुमच्याशी ज्यांचा डीएनए जुळतो अशी त्या कंपनीची बाकीची गिऱ्हाइकं. माझ्या यादीत आई सगळ्यात वर होती. मावशीचा ऑस्ट्रेलियातला नातू होता. आणि न्यू जर्सीवाला नव्हता. कुठेच नव्हता.

आता इथे थोडं गणित. आपल्याला निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून मिळतो, पण आजी-आजोबांकडून नेमका पाव-पाव मिळतो असं नाही. दर पिढीत पत्ते पिसले जातात आणि कुणाचे किती हाती येतील ते नशिबावर. मागे दहा पिढ्या गेलात तर कागदावर १०२४ पूर्वज होतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांचा एक तुकडाही तुमच्यात उरलेला नसतो. म्हणजे वंशावळीतला खरा पूर्वज डीएनएत गैरहजर असू शकतो, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. दूरच्या नात्यात न जुळणं हे म्हणूनच काही सिद्ध करत नाही. पण पणजोबा एक असलेले दोन भाऊ हे दूरचं नातं नव्हे. त्यांच्यात सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास डीएनए सारखा निघतो. कमी-जास्त होईल, शून्य होत नाही. पडताळलेल्या नात्यांमध्ये तरी शून्याचं उदाहरण नाही.

आमचं शून्य होतं.

शिवाय वाय गुणसूत्राचा गटही वेगळा. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आडनावासारखं. त्याचा गट आर, माझा एच. दोन्ही आपल्याकडे सर्रास, सगळ्या जातींत आढळणारे. त्यावरून जात-कुळी काही कळत नाही. पण एकाच पणजोबांच्या दोन पणतूंमध्ये ते वेगळे असायला नकोत.

मला पहिल्यांदा वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. पण आई बरोबर जुळली होती, मावशीचा नातू जुळला होता. माझा नमुना माझाच होता. म्हणजे साखळीत कुठेतरी एक कडी निखळलेली. मी, बाबा, आजोबा, पणजोबा, आणि तिकडून खाली धाकटे आजोबा, काका, न्यू जर्सीवाला. प्रोग्रॅममध्ये चूक शोधताना आपण मधोमध तोडून बघतो ना, बग अलीकडे आहे की पलीकडे? इथेही तेच करायचं. बाबा २०१६ साली गेले. आता आमच्या बाजूचं मधलं माणूस एकच, कामशेतची आत्या. बाबांची मोठी बहीण, वय पंच्याऐंशी. तिसरी नळी होतीच.

पण ऐंशी ओलांडलेल्या बाईला काय सांगून थुंकायला लावायचं? "आत्या, आपल्या घरात कुणाचा तरी बाप वेगळा आहे, जरा तपासू या"? दोन आठवडे नळी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत हिंजवडी-घर-हिंजवडी फिरली.

या दोन आठवड्यांत मी वाचत सुटलो (आपल्याला दुसरं येतं काय). आणि वाचता वाचता आपल्याच कोकणातल्या एका समाजाच्या गोष्टीपाशी येऊन अडकलो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

बोरघाट उतरलं की अलिबाग लांब नाही. तिथे इस्राएल आळी आहे. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनावं पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर, म्हणजे आपल्यासारखी गावावरून. भाषा मराठी. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. त्यांची कथा अशी, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या, देवाचं नाव आणि शनिवार तेवढा लक्षात राहिला. हायम सॅम्युएल केहीमकर यांनी हा सगळा इतिहास १८९७ पर्यंत लिहून काढला, पण छापून आला तो १९३७ मध्ये.

गलबत कधी फुटलं? कुणी इसवी सनापूर्वी आठवं शतक म्हणे, कुणी इसवी सनाचं सहावं. चौदाशे वर्षांचा फरक. कागद नाही, शिलालेख नाही.

बरं, ही नुसती गप्पा मारायची गोष्ट असती तर ठीक. पण इस्राएल देश झाल्यावर यांतले हजारो लोक तिकडे गेले आणि तिथल्या धर्मपीठाने विचारलं, तुम्ही अस्सल ज्यू कशावरून? १९६२ साली आदेशच निघाला. बेने इस्राएल मुलाला किंवा मुलीला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर तिच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची चौकशी करायची. ज्यूपण आईकडून येतं ना. आता अलिबागजवळच्या खेड्यातल्या घाणेवाल्याच्या पणजीचा दाखला कोण आणून देणार? लोक चिडले, धरणी धरली, उपोषणं झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत.

मग आला डीएनए. लंडनचे अभ्यासक ट्यूडर पार्फिट यांनी कोकणात येऊन नमुने घेतले, २००२ च्या सुमारास त्याच्या बातम्या झाल्या, आणि मुंबई-ठाण्यातल्या लोकांना वाटलं की चला, एकदाचं प्रमाणपत्र मिळालं. (पार्फिट आणि युलिया एगोरोवा यांनी नंतर या बातम्यांचं समाजात काय झालं यावरच २००६ मध्ये पुस्तक लिहिलं.) पण नीट, अख्ख्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला तो २०१६ साली. अठरा बेने इस्राएल व्यक्ती, आणि तुलनेला इतर ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी मिळून ४१ समाजांतली ४८६ माणसं.

निष्कर्ष काय? एक, हे लोक जनुकांनी आजूबाजूच्या भारतीयांसारखे दिसतात, पण तपासलेल्या भारतीय-पाकिस्तानी समाजांपैकी बाकीच्या ज्यूंशी लक्षणीय नातं निघतं ते फक्त यांचंच. म्हणजे कथा खरी, पूर्वज मध्यपूर्वेतले ज्यू होते. दोन, ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली, म्हणजे साधारण गेल्या हजार वर्षांत. तीन, आणि इथे मी खुर्चीत नीट बसलो, ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आलेला आणि स्थानिक वाटा जास्त करून बायकांकडून.

बापाकडचं वाय गुणसूत्र मुलींना मिळत नाही, एक्स गुणसूत्रं मात्र बाईकडे दोन आणि पुरुषाकडे एक. त्यामुळे एखाद्या समाजाच्या एक्स गुणसूत्रावर स्थानिक छाप बाकीच्या गुणसूत्रांपेक्षा जास्त दिसली, तर स्थानिक पूर्वजांत बायका जास्त होत्या असं काढता येतं. हिशोब साधा आहे, पण कथेतल्या सात बायकांचं काय? गलबतातून सात बायका वाचल्याही असतील. पण आजच्या बेने इस्राएलांच्या आज्या-पणज्यांच्या रांगेत आपल्या अष्टागराच्या, पेण-नागोठण्याच्या मराठी बायका मोठ्या संख्येने उभ्या आहेत.

आणि हे बोचरं का आहे सांगतो. या समाजात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन तट होते. काळे म्हणजे ज्यांची आई बाहेरची, स्थानिक. त्यांच्याशी गोरे लग्न करत नसत. पिढ्यान्‌पिढ्या हे पाळलं. आणि प्रयोगशाळा म्हणते, त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच मातीतल्या आया होत्या. फक्त एका बाजूचं विसरलं गेलं होतं.

एक खबरदारी मात्र. १९-३३ पिढ्या हा सरमिसळीचा काळ आहे, गलबत फुटल्याचा नाही. माणसं आधी येऊन दोनशे वर्षं आपापसांत राहून मग मिसळली असतील, किंवा नंतरही नवी येत राहिली असतील. डीएनए एवढंच सांगतो की मिसळ कधी झाली. वर्तमानपत्रं हा फरक नेहमी खाऊन टाकतात.

तुलनेला जुनी हाडं मिळाली तर काम सोपं होतं, पण आपल्याकडे तीही वाट बंद. कामशेतहून हाकेवर कार्ल्याची लेणी आहेत. त्यांतल्या काही खांबांवर कोरलंय की हा खांब धेनुकाकटच्या अमुक यवनाचं दान. दोन हजार वर्षांपूर्वी मावळात येऊन बौद्ध लेण्याला खांब देणारे हे यवन खरोखर ग्रीक होते का? नावं तर भारतीयच. कामशेतच्या दुसऱ्या अंगाला बेडशाच्या लेण्यात नाशिकच्या आनंद शेठीच्या मुलाचं, पुसनकाचं नाव आहे. तिथल्याच पाण्याच्या टाक्यावर एका महारठिनीचं दान कोरलंय, सामडिनिका, महाभोजाची मुलगी. कुणाची मुलगी, कुणाची बायको, सगळं दगडात. कुटुंबाच्या इतिहासाची मावळातली पहिली पानं हीच. पण यांची हाडं कुठून आणणार? आपण माणसं जाळतो. आणि जिथे पुरलेली सापडतात तिथे उन्हापावसाने डीएनए विरघळलेला असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने हरियाणात राखीगढीला खणलं. साठाच्या वर नमुने तपासले तेव्हा एका बाईच्या सांगाड्यातून वाचता येईल इतका डीएनए मिळाला. तो निबंध २०१९ मध्ये आला. हडप्पा संस्कृतीचं अख्खं जनुकीय चित्र बराच काळ त्या एकट्या बाईच्या खांद्यावर होतं!

असो. विषयांतर पुरे.

एका शनिवारी लोणावळा लोकल पकडली आणि कामशेतला उतरलो. आत्या ओट्यावर इंद्रायणी तांदूळ निवडत बसली होती. मी इकडचं तिकडचं बोललो, पॅराग्लायडिंगवाल्यांनी टेकडीवर काय गर्दी केलीय वगैरे. मग नळी काढली आणि अडखळत म्हणालो, "आत्या, न्यू जर्सीवाल्याचं आणि माझं रक्त जुळत नाही."

तिने मान वर केली नाही. "कसं जुळेल?" म्हणाली. "अप्पा पोटचे कुठे होते?"

अप्पा म्हणजे माझे आजोबा.

मग तिने सांगितलं ते असं. तिला हे तिच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने स्वतः सांगितलेलं. पणजी १९६४ साली गेली तेव्हा आत्या चोवीस वर्षांची, म्हणजे ऐकीव असलं तरी थेट ऐकलेलं. मानमोडीच्या साथीत पणजीचं तान्हं गेलं. त्याच आठवड्यात रेल्वेच्या गँगमधल्या एका कुटुंबात नवरा-बायको दोघं गेली आणि चार-पाच महिन्यांचं मूल मागे राहिलं. गँगचा मुकादम ते घेऊन दारोदार फिरत होता, कारण गाईचं दूध त्याला पचेना. पणजीच्या अंगावर दूध होतं. पणजोबा म्हणाले, पाज. तिने पाजलं. नंतर ते परत न्यायला कुणी आलं नाही. चार वर्षांनी धाकटे आजोबा झाले, तोवर अप्पा घरचे थोरले झालेले. देवघरातले टाक तेच पुजायचे, जेजुरीला तेच जायचे.

"मग हे कुणी सांगितलं कसं नाही?"

"विचारलं कुणी?"

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने कहर केला. त्यात त्या वर्षी पाऊसही रुसलेला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, असं आपल्या जनगणनेच्या इतिहासात एकदाच घडलंय. आणि रोग पसरला तो रेल्वेच्या रुळांवरून. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ पासून चालू, म्हणजे कामशेत त्या रस्त्यावरच. रुळांची डागडुजी करणारी गँग तर रोगाच्या तोंडीच उभी.

आत्याची गोष्ट ऐकून गळा दाटला वगैरे खरं, पण इंजिनियरचं डोकं गप्प बसेना. गोष्ट चांगली आहे म्हणजे खरी आहे असं नाही. सात जोडप्यांचीही चांगलीच होती. कागद हवा.

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात पणजोबांचा कागद शोधणं घरोघरी झालंय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जुनी दप्तरं, कोतवाल बुकं, शाळेचे रजिस्टर असं सगळं बाहेर निघालं. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्यात सगळ्यात कामाचा असतो गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंद. मीही अर्ज केला. एक मित्र पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलाय, त्याला मिसळीचं आमिष दाखवून वडगावला नेलं.

पानं हातात घेतल्यावर मोडी न येताही कळत होतं. आधी एकेका पानात चार-चार महिने मावलेले. आणि १९१८ चा ऑक्टोबर एकटाच पानामागून पानं खात गेलेला. मित्र बोट ठेवून वाचत होता. कारणाच्या रकान्यात सुरुवातीला 'ताप' लिहिलंय, पुढे लिहिणाऱ्याचा हात थकलाय आणि खाली नुसतं 'सदर', 'सदर', 'सदर'. कागद फाटेल म्हणून आम्ही पंखा बंद केला होता, घाम पुसत होतो. तिसऱ्या पानावर पणजोबांचं नाव सापडलं. त्यांचा मुलगा, वय नऊ महिने, सदर.

म्हणजे पणजीचं तान्हं गेलं, हे पक्कं. रेल्वेच्या जोडप्याची नोंद मात्र मिळाली नाही. आणि अप्पांच्या जन्माची नोंद आमच्या घराच्या नावावर नाही, १९१७ ते १९१९ सगळं पाहिलं. धाकट्या आजोबांची १९२२ ची आहे. कोर्टात कदाचित टिकणार नाही, पण आत्याचं सांगणं, हा कागद आणि ते शून्य, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. मला पटलं.

कोर्ट म्हटलं म्हणून सांगतो. न्यू जर्सीवाल्याला मी फोन करून सगळं सांगितलं. त्याने त्याच्या वडिलांना, म्हणजे कामशेतच्या काकांना सांगितलं. आणि दोन दिवस काकांचा फोन नाही. एरवी ते रोज सकाळी 'शुभ प्रभात' पाठवतात. आता मावळातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. द्रुतगती मार्ग झाल्यापासून इथे एकेका गुंठ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे आहेत. आमच्या दोन आजोबांनी जमीन निम्मी-निम्मी वाटून घेतलेली. आणि मी रात्री दोन वाजता कायदा वाचत बसलो. दत्तकाचा कायदा १९५६ चा, त्याआधीच्या दत्तकांना जुना हिंदू कायदा. आणि जुन्या कायद्यात पोरक्या मुलाला दत्तक घेताच येत नसे, निराळी रूढी असली तरच. कारण दत्तक 'देणारे' आई-बाप हवेत. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद! म्हणजे कुणाला खुसपट काढायचंच असेल तर काढता येईल. सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे, उदाहरणार्थ २०२१ च्या एका निकालात, मालमत्तेच्या दाव्यासाठी कुणावर डीएनए चाचणीची सक्ती करू नये असं म्हटलंय. पण आमची सक्तीने नव्हतीच, आम्ही हौसेने थुंकलो होतो.

तिसऱ्या दिवशी काका स्वतः पुण्याला आले. चहा घेतला. म्हणाले, "दादांनी अप्पांना भाऊ म्हणून वाटा दिला. दादांना माहीत होतं. मला माहीत होतं. तुला आता कळलं. झालं ना?" मग म्हणाले, "ते इंटरनेटवर टाकलंय का रे कुठे?"

हा प्रश्न मात्र मला माझ्या धंद्यातल्या माणसाने विचारायला हवा होता, त्याआधी काकांनी विचारला. थुंकी माझी एकट्याची, पण त्यातली माहिती काकांची, आत्याची, अजून न जन्मलेल्या पोरांचीही. २०१८ मध्ये अमेरिकेत चाळीस वर्षांपूर्वीच्या खुन्याला पकडलं ते त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने एका संकेतस्थळावर चढवलेल्या डीएनएवरून. तिथे ठीक झालं म्हणू. पण २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि ज्यू वंशाच्या गिऱ्हाइकांची वेगळी यादी करून विकायला ठेवली गेली. २०२५ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि दीड कोटी लोकांची थुंकी कुणाच्या ताब्यात जाणार यावर लिलाव झाला. शेवटी तिच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, हो. हे कसं बदलणार? मी आणि न्यू जर्सीवाल्याने त्याच रात्री वंशवृक्ष खाजगी केला. वृक्षात अप्पा पणजोबांचे थोरले चिरंजीव म्हणून आहेत. तळटीप फक्त घरच्यांना दिसते.

राहता राहिलं एक. रेल्वेवाले कोण?

यादीतून आईकडचे जुळणारे वजा केले. उरले सात जण, सगळे लांबचे. हे लोक 'चौथ्या-पाचव्या पिढीतले चुलत' असं कंपनी दाखवते, पण आपल्याकडे त्यावर फार विश्वास ठेवू नये. हैदराबादच्या संस्थेतले थंगराज, अमेरिकेतले डेव्हिड राइश वगैरेंनी २००९ आणि २०१३ मध्ये दाखवलं की भारतात चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी सगळे सगळ्यांत मिसळत होते आणि मग हळूहळू जातीबाहेर लग्नं थांबली. दोन हजार वर्षं त्याच त्या घरांत सोयरिकी, वर मामेबहिणीशी लग्न. त्यामुळे दोन माणसांत दहा बाजूंनी थोडं थोडं नातं साठतं आणि संगणक त्याला एक जवळचं नातं समजतो.

तरीही. सातांपैकी चार तेलुगू आडनावांचे. त्यांतल्या एकाने आपलं मूळ गाव महबूबनगर जिल्ह्यातलं लिहिलंय. महबूबनगर म्हणजे जुनं पालमूर. धरणं, कालवे, रस्ते, जिथे खोदकाम तिथे पालमूरचे मजूर, अशी त्या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती. रेल्वेची गँग म्हणजे त्याच जातीचं काम. पुरावा नाही हा, नुसता वास आहे. मी त्या माणसाला इंग्रजीत निरोप धाडला: तुमच्या घरातलं कुणी १९१८ च्या आधी मुंबई-पुण्याकडे रुळांच्या कामाला गेलेलं ऐकलंय का? अजून उत्तर नाही. यादीतली निम्मी माणसं निकाल एकदा बघतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

तिसरी नळी आत्याने थुंकून दिली नाही. "सांगितलं ना तोंडाने, मग आता थुंकायचं कशाला?" म्हणाली. ती तिच्या फडताळात हळदी-कुंकवाच्या डब्यामागे आहे. मात्र दर रविवारी फोन केला की हवापाण्याआधी विचारते, "काय रे, त्या रेल्वेवाल्यांचं काही कळलं का? बाईचं नाव तरी?"